आजोबांची जीप की बाबांची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले ३४ वर्षांचे कास्तकार लिहितात. घरी अकरा एकर, कपाशी आणि तूर. आजोबांनी १९७३ साली घेतलेली पेट्रोल जीप कोठ्याला लागून असलेल्या टिनाच्या छपरीत उभी आहे. वडिलांनी पुढे तिच्यात ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं, पुढच्या चाकांचा शाफ्ट काढून माळ्यावर टाकला आणि सेल्फ मारायला डॅशबोर्डवर मोटरपंपाच्या स्टार्टरचं हिरवं बटण लावलं. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून जीप हललेली नाही, कागदांची मुदत त्याच्याही आधी संपलेली. आता यांना ती घरीच उघडून नव्यानं बांधायची आहे : चार इंच उचल, ३१ इंची टायर, पुढे लोखंडी गार्ड आणि विंच (रुतलेली गाडी ओढायचा दोराचा रहाट), वर एलईडीची पट्टी, बटणाच्या जागी नवं पॅनल. तालुक्याचा मिस्त्री म्हणतो, सहा महिन्यांत देतो. पुण्यात नोकरीला असलेला मोठा भाऊ म्हणतो, विकून टाक, ‘व्हिंटेज’ म्हणून लाखात घेणारा भेटलाय. त्याला जीपशी काही घेणंदेणं नाही, असं यांचं म्हणणं. बायको म्हणते, आधी विहिरीची मोटर. आई काहीच बोलत नाही, ती बॉनेटवर मुंगवड्या वाळत घालते. “मी बाबांची आठवण जपतोय. घरात कोणीच समजून घेत नाही. माझं चुकतं का?”

भाऊ,

मी तीस वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. त्यामुळे पत्र हाती आलं तेव्हा आधी जीपच दिसली. मुंगवड्या वाळतात ते उंच, सपाट बॉनेट म्हणजे विलीज या अमेरिकी कंपनीच्या सीजे-३बी घडणीची गाडी. तिचं मूळ पेट्रोल इंजिन उंचीला जास्त होतं, म्हणून बॉनेटही उचलावं लागलं. अमेरिकेत ते मॉडेल १९६८मध्ये बंद झालं, आपल्याकडे महिंद्रनं पुढेही बरीच वर्षं काढलं. हे सगळं मनात घोळवत पत्र खाली ठेवलं. संध्याकाळी परत वाचलं तेव्हा माणसं दिसायला लागली.

तुम्ही लिहिता की बाबांची आठवण जपतोय. मग खाली जी यादी दिली आहे तिच्यात बाबांचं काय शिल्लक राहतं ते एकदा मोजा. हिरवं बटण जाणार. त्यांनी ठेवलेली उंची जाणार, चाकं जाणार. राहिलं इंजिन, तर त्याबद्दलही तुम्ही शेवटी एका ओळीत लिहून गेलात की ‘जमलं तर नवीन सीआरडीआय टाकू’, म्हणजे आजकालचं कॉमन रेल डिझेल इंजिन. यादी वाईट नाही. तुमच्या वयात मलाही असल्या याद्या करायला आवडायचं. पण ती तुमच्या जीपची यादी आहे, बाबांच्या नाही. स्वतःसाठी गाडी बांधावीशी वाटणं हा काही गुन्हा नाही. तिला वडिलांचं नाव देऊन घरासमोर ठेवली की मात्र घरातल्यांना नाही म्हणायला जागा उरत नाही. मग बायको मोटरीचं बोलली तरी ते सासऱ्यांच्या आठवणीला नाट लावल्यासारखं होऊन बसतं.

जुनी गाडी ‘रिस्टोअर’ करायची म्हणजे मागे कुठल्या साली जाऊन थांबायचं ते आधी ठरवावं लागतं. १९७३ला गेलात तर आजोबांची पेट्रोल जीप मिळेल, पण बाबांचं इंजिन उतरवावं लागेल. बाबांच्या काळात थांबलात तर डिझेल, हिरवं बटण आणि त्यांनी मारलेली ठिगळं ठेवावी लागतील. माझं मत विचाराल तर मी बाबांपाशी थांबेन. कारण नुसतं भावनेचं नाही. महिंद्रनं साठच्या दशकात इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या सहकार्यानं बी-२७५ ट्रॅक्टर काढले, त्यांचं इंजिन त्या काळात कितीतरी जिपांत गेलं. जड आहे, हळू फिरतं, पण दमाचं आहे. बाबांनी तेच बसवलं असेल तर त्याचं काम करणारा म्हातारा मिस्त्री तुम्हाला तालुक्यालाच सापडेल. मूळ पेट्रोल इंजिनाच्या एकेका वस्तूसाठी दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या स्पेअर पार्टच्या बाजारापर्यंत माणसं फोन करतात. बाबांनी विचार करूनच बदल केला होता.

आता मोठ्या भावाचं. त्यांना भेटलेला गिऱ्हाईक ‘व्हिंटेज’ म्हणतोय. सरकारी नियमात त्या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. जुलै २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, आणि ती रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, डिझेल-पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. तुमची जीप वयानं बसते, इंजिनानं बसत नाही. म्हणजे तुमचे मोठे भाऊ ज्या किमतीचं बोलताहेत ती किंमत दुसऱ्याच कुठल्या जिपेची आहे. हे त्यांना सांगा, पण भांडणात हुकमाचा पत्ता टाकल्यासारखं नको.

आणि त्यांना जीपशी घेणंदेणं नाही, हे मला पटलं नाही. ते तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, असं पत्रातच आहे. म्हणजे बाबा ती जीप रोज वापरत होते त्या काळात धक्का मारायच्या वयाचा मुलगा घरात एकच होता. हिवाळ्यात सकाळी थंड डिझेल इंजिन सेल्फवर घेत नाही. बॅटरी बसलेली असली की घरातल्या पोरांनाच अंगणापासून उतारापर्यंत लोटत न्यावी लागते. तुम्ही मांडीवर बसून स्टिअरिंग धरलं असेल, त्यांनी ती मागून लोटली असेल. एका घरात एकाच गाडीच्या दोन आठवणी असतात. फोन करा आणि विकायचं-ठेवायचं बाजूला ठेवून एवढंच विचारा, “दादा, ही सुरू कशी व्हायची रे?” बोलू द्या त्यांना. कोणता पाना कुठे बसतो, ॲक्सिलरेटर किती दाबायचा, बाबा कोणत्या गेअरात क्लच सोडायचे, यातलं अर्धं त्यांनाच माहीत असेल. विकायचं असं ठरलंच, तरी गाडी वडिलांच्या नावावर असताना नुसती चावी देऊन पैसे घेऊ नका. पुढे अपघात झाला तर पोलीस कागदावरच्या नावाच्या घरी येतात.

वडिलांच्या पश्चात गाडी कोणाच्या नावावर करायची, याचा अर्ज नमुना ३१मध्ये होतो आणि त्याला सगळ्या वारसांची संमती लागते. वारस म्हणजे तुम्ही दोघं भाऊच नव्हेत. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आईचा वाटा तुमच्याएवढाच आहे, बहीण असेल तर तिचाही. पत्रात बहिणीचा उल्लेख नाही, नसेलही. आईचा आहे, पण ती काही बोलत नाही म्हणून तुम्ही तिला मोजलंच नाही. खरं तर आज ती जीप कोणी वापरत असेल तर तीच. तिला विचारलं का?

बायकोबद्दल एकच सांगतो. तुमच्याच पत्रात त्यांचे शब्द आहेत : आधी मोटर. ‘जीप नको’ असं त्यात कुठेही नाही. त्यांनी क्रम सांगितला आणि तुम्ही तो नकार म्हणून ऐकला. कपाशीचा चुकारा आला की पहिल्यांदा मोटर भरून आणा. मग जिपेच्या नावाची एक वही घाला, तिच्यात महिन्याला किती टाकायचे ते दोघांनी मिळून लिहा आणि वही त्यांच्याकडेच द्या. मिस्त्रीनं सांगितलेल्या आकड्याची मी नेहमी दीडपट धरतो. तोंडी हिशेबात नटबोल्ट, रबरं, ऑइल, वाहतूक आणि चहा कोणीच धरत नाही.

आता कागद. लोक आधी टायर घेतात आणि मग आरटीओत जातात. तुम्ही उलटं करा. खिशातून रुपया काढण्याआधी मूळ आरसी बुक घेऊन यवतमाळला जा. त्याआधी घरी बसून त्या पुस्तकाची मागची पानं नीट उलटा. जुन्या बुकांत बदलांच्या नोंदींसाठी जागा असायची, तिथे इंजिन बदलल्याचा शिक्का मारलेला असायचा. तुम्ही लिहिलंय की आरसीवर ‘पेट्रोल’ आहे, पण ते पहिल्या पानाचं झालं. बाबांनी नोंद करून घेतली असेल तर तुमचा निम्मा घोर तिथेच मिटेल. नसेल तर कुठल्याही एजंटाच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका, लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. तुमच्या यादीतली चार इंच उचल आणि मोठी चाकं या कलमात अडकण्यासारखी आहेत. पुढच्या लोखंडी गार्डवर तर केंद्राच्या मंत्रालयानं २०१७च्या शेवटीच कारवाई करायला सांगितलंय. गावात कोणी विचारत नाही हे मला माहीत आहे. विमा कंपनी मात्र विचारते, आणि तेही नको त्या दिवशी.

खर्चाचा अंदाज असू द्या. २० वर्षांपुढच्या हलक्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झालं आहे. उशीर झाल्याबद्दल महिन्यामागे ५०० रुपयांची तरतूद आहे, पर्यावरण कर वेगळा. तुमच्या किती महिन्यांचे लागतात ते खिडकीवरूनच लिहून घ्या. नंबर एमएच पद्धतीच्या आधीचा, म्हणजे १९८९च्या पूर्वीचा. तेव्हा नोंद संगणकावर चढलेली आहे की नाही तेही पाहा. नसेल तर ‘बॅकलॉग’ची पायरी आधी. नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागेल. ही बेरीज तुमच्या आवाक्याबाहेर गेली, तर जीप वावरापुरती ठेवायची की कसं, हा विचार त्याच दिवशी करा. गाडी उघडून झाल्यावर नको. आणि वावरापुरती म्हणजे खरंच वावरापुरती. मधला डांबरी रस्ता ओलांडायचा झाला तरी निदान तिसऱ्या पक्षाचा विमा लागतोच.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो.

सहा महिन्यांत पूर्ण गाडी उघडून परत बांधायची, हे डोक्यातून काढून टाका. मी एकदा जुनी राजदूत मोटारसायकल घरी उघडली होती. तीन आठवड्यांत सगळी सुटी केली, प्रत्येक भाग रॉकेलनं धुतला, वर्तमानपत्रावर मांडून फोटो काढले. पुढे बदली झाली, मुलीचं लग्न निघालं. अकरा वर्षांनी ती चार पोत्यांतून वजनावर गेली. शिकवणारा माणूस मी, तरी गेली. उघडायला हुरूप पुरतो. जोडायच्या वेळेपर्यंत तो राहतोच असं नाही. म्हणून एका वेळी एकच भाग उघडायचा, तो बसवायचा, मगच पुढच्याला हात लावायचा. गाडी कधीही आठवड्याभरात चाकांवर उभी राहील अशा स्थितीत ठेवायची.

सुरुवात लोखंडापासून करा. एक पेचकस, एक लहान हातोडी आणि टॉर्च घेऊन खाली निजा. चेसिसवर वीतभर अंतरानं हातोडी मारत जा. चांगलं लोखंड ‘टण’ वाजतं, सडलेलं ‘थप’. मागच्या पाट्यांचे शॅकल (पाटे चेसिसला जोडणाऱ्या कड्या) जिथे टांगलेत ती जागा, मागची आडवी पट्टी, आणि बॉडी चेसिसवर टेकते तिथे साचलेली माती खरवडून बघा. तुमची छपरी कोठ्याला लागून आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. शेणामुताचा ओलावा आणि वाफ पत्र्याला पावसापेक्षा लवकर खाते. जिथे पेचकस आत जातो तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग मारणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कुजलेलं कापून नवा पत्रा लावणं हाच एक उपाय.

गाडीखाली जाताना काळजी घ्या. आपली काळी माती वरून कितीही टणक दिसली तरी जॅकखाली ती हळूहळू बसते. जॅकच्या आणि गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्यांच्या खाली जाड फरशी किंवा सागाची फळी टाका. विटांवर गाडी ठेवून खाली कधीच जायचं नाही. वीट आधी सांगून फुटत नाही.

दुसरं डिझेलच्या टाकीचं. या जिपांत टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते आणि सडलेला पत्राही नेमका तिथेच असतो. वेल्डिंग करण्याआधी टाकी पूर्ण उतरवा. रिकामी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, आत राहिलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक. आमच्या वर्कशॉपात एका पोरानं ‘कोरडा’ डबा गॅसवर धरला, झाकण कौलातून बाहेर गेलं. पोरगं वाचलं, भुवया मात्र महिनाभर नव्हत्या. टाकीला डाग द्यायचा असेल तर रेडिएटरवाल्याकडे द्या, ते आधी उकळून धुतात.

इंजिन सहा वर्षं बंद आहे. हिरवं बटण दाबून पाहायचा मोह होईल. दाबू नका. इंजेक्टर काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडा आणि आठ-दहा दिवस तसंच राहू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवा, आधी थोडं पुढे, मग थोडं मागे. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की जुनं ऑइल काढा, टाकी धुवा, फिल्टर बदला, लाइनीतली हवा काढा. त्यानंतरच सेल्फ. अडकलेलं इंजिन ट्रॅक्टरला बांधून ओढायचा सल्ला गावात चार जण देतील. त्यातल्या एकाचंही इंजिन नाही.

ज्यांच्याकडे अजून पेट्रोलची जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी जाता जाता : आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम त्यानं फुगतात. ते आधी बदला, आणि पावसाळाभर टाकीत पेट्रोल पडून राहू देऊ नका, इथेनॉल पाणी ओढतं.

ब्रेकवर कंजुषी नको. चारही चाकांना ड्रम आणि बहुधा एकच सर्किट, म्हणजे एका चाकाची सील गेली की पेडल पूर्ण खाली आणि चारही चाकांचे ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होस सगळं नवं. दाब धरतो का ते पाहायची सोपी रीत : पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय. हे झाल्याशिवाय गाडी छपरीबाहेर काढायची नाही. स्टिअरिंगचंही तसंच. पुढची चाकं उचलून वर-खाली हलवा. खटखट आलं तर किंगपिन किंवा बेअरिंग. वायरिंग उंदरांनी खाल्लं असेलच. सांधत बसू नका, नवी लूम (वायरांचा तयार जुडगा) टाका आणि मधे फ्यूज ठेवा. बाबांच्या बटणामागची तार मात्र स्वतः हातानं सोडवा आणि कशी होती त्याचं चित्र काढून ठेवा.

आता तुमची उचल आणि ३१ इंची टायर. मूळ टायर ६.००-१६चा, उंचीला जेमतेम २८ इंच. ३१चा लावला की चाकाचा घेर साधारण दहा टक्के वाढतो. काटा ५० दाखवेल तेव्हा तुम्ही ५५नं चाललेले असाल, आणि थांबवायला तेच जुने ड्रम. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फक्त ८० इंच, पुढे ट्रॅक्टरचं जड इंजिन, त्यात चार इंच वर उचललेली गाडी तिरकी बांधावर घेतली तर कलंडायला वेळ लागत नाही. शाफ्टचा कोन वाढला की क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे सांधे, लवकर जातात. हे व्हिडिओत दिसत नाही, कारण त्या जिपांच्या खाली एक्सल, ब्रेक, स्टिअरिंग सगळं दुसरं असतं आणि त्याचा खर्च शेवटी बारीक अक्षरात येतो.

आणि हे सगळं कशासाठी? तुम्ही लिहिलंय, पावसाळ्यात पांदणीनं वावरात जाता यावं म्हणून. श्रावणातली आपली पांदण तुम्हाला मी सांगायला नको. रुंद टायरच्या खाचा पहिल्या शंभर पावलांतच मातीनं भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. ट्रॅक्टर रुततो तिथे ३१ इंचांचं काय घेऊन बसलात! तिथे बंडी किंवा पाय. पण पावसानं दोन-तीन दिवस उघाड दिली, वर थोडी पापुद्री धरली, की मूळचा अरुंद, खोल खाचांचा टायर माती कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जातो आणि निघतो. त्याला चारही चाकांची ओढ हवी. ती तुमच्या माळ्यावर पडलेली आहे.

तो शाफ्ट खाली काढा. त्याचे दोन्ही क्रॉस बदला, ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीचं) ऑइल बघा, पुढच्या हौसिंगच्या सील घाला आणि बसवा. कोरड्या डांबरावर ओढ कधी लावायची नाही एवढं लक्षात ठेवा. कमी गेअरची दांडी ओढली की तीच जीप जवळपास अडीचपट जोर लावते. तुमच्या यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा वावरात हाच जास्त उपयोगी पडेल. खर्च कमी, आरटीओचा प्रश्न नाही, आणि आजोबांच्या जिपेतली एक गोष्ट बाबांच्या जिपेत परत येते. बाबांनी तो डिझेल वाचवायला काढला असेल. पण भंगारात न घालता माळ्यावर जपून ठेवला, म्हणजे कधीतरी परत लावायचं त्यांच्याही मनात असावं. हा माझा अंदाज, दादांना विचारून खात्री करा.

तुमच्या हौसेचं काही तरी राहू द्या की, मी काही अगदीच रुक्ष माणूस नाही. चांगल्या सीट, नवी ताडपत्रीची हूड, मागे ओढायला मजबूत हूक, मनासारखा रंग. तुम्ही मे महिन्यात रंग काढायचं म्हणताय. आपल्याकडे ४५ अंशांत रंग अंगाला लागायच्या आतच सुकतो आणि पृष्ठभाग खरबरीत येतो. रंगाचं काम दिवाळीनंतर, वेचणीच्या मधल्या सुटीत घ्या. फेब्रुवारी ते मे चेसिस, ब्रेक आणि इंजिन. पेरणी लागली की हत्यारं पुसून ठेवून द्या, जीप कितीही अर्धवट असली तरी. मिस्त्रीला ठोक रक्कम देऊ नका. ब्रेक झाले, ब्रेकचे पैसे. लेथचं आणि वेल्डिंगचं काम त्याच्याकडे, उघडणं-धुणं-बसवणं तुमच्याकडे. मुलीला सोबत घ्या, पत्रात तिचं वय नऊ लिहिलंय. त्या वयाच्या हातात लहान नट बरोबर बसतात.

दोन दिवाळ्या लागतील असं धरून चाला. पहिलीला दादा येतील तेव्हा जीप नुसती स्वतःच्या जोरावर अंगणात आली तरी पुरे. सेल्फ नाही घेतला तर लोटायला ते आहेतच.

आणि एक. बॉनेट काढायच्या आधी आईला मुंगवड्यांसाठी दुसरी उन्हाची जागा करून द्या. खाट चालेल, पण उंच हवी, खाली कोंबड्या असतात.